वाचनालयाचा अधिकारी कोण?

आम्हाला विषय दिला गेला तो ‘सार्वजनिक ग्रंथालयांच्या सेवांचा विस्तार आणि लोकसंपर्क’ असा. अशा विषयावर बोलायचं तर एक सोपी वाट असते. संगणकीकरण झालं, बालविभाग उघडला, अभ्यासिका बांधली, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा झाला, ग्रंथदिंडी निघाली, अशी यादी वाचायची. शेवटी वाचनसंस्कृतीबद्दल चार गोड वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. अमरावती-अकोल्याकडच्या वाचनालयांचे वार्षिक अहवाल आम्ही वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. त्यांत ही यादी असते, आणि ती खोटी नसते. तरी तिला विस्तार म्हणावं का, याबद्दल आम्हाला शंका आहे. आज ती शंकाच मांडायची आहे.

आमचा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा सवयीनं तिकडूनच सुरुवात करतो. आपल्याकडे शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगायची पद्धत होती. ग्रंथाचा विषय काय, त्याचं प्रयोजन काय, विषयाचा आणि ग्रंथाचा संबंध काय, आणि चौथी गोष्ट, हा ग्रंथ वाचण्याचा अधिकारी कोण. वेदान्ती याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. अधिकारी म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींच्या डोळ्यांसमोर दप्तर तपासायला येणारे साहेब आले असतील. (हशा) ते नव्हेत. हे सारं कुणासाठी मांडलं आहे, तो अधिकारी.

वाचनालयालाही असा एक अधिकारी असतो. नियमावलीत तो सापडत नाही, कारण नियमावलीत ‘कोणीही व्यक्ती’ असं लिहिलेलं असतं. पण धूर दिसला की डोंगरावर अग्नी आहे असं आपण अनुमान करतो ना, तसं हे अनुमान करता येतं. वाचनालयाच्या वेळा बघा. बहुतेक ठिकाणी सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास. या वेळात मोकळा कोण असतो? आमच्यासारखा पेन्शनर असतो, नोकरीवरून परतलेला बाबू असतो. निंदणाला किंवा वेचणीला गेलेली बाई सकाळी शेताच्या वाटेवर असते आणि संध्याकाळी चुलीपुढे. शहरातल्या गृहिणीला जी दुपार मिळते, तेव्हा नेमकं कुलूप असतं. मग अनामत रक्कम बघा, ओळखीच्या सभासदाची सही लागते का ते बघा, कपाटांना कुलूप आहे की मुक्तद्वार पद्धत आहे ते बघा, पुस्तकं कोण निवडतं ते बघा. एवढ्यावरून त्या वाचनालयाच्या मनातला वाचक कोण हे बिनचूक सांगता येतं. नवी इमारत बांधली, एसी लावला, वायफाय दिलं, आणि मनातला वाचक तोच राहिला, तर विस्तार झाला तो जागेचा. अधिकाऱ्याचा विस्तार झाला का, हे विचारायचं राहूनच जातं.

हा प्रश्न आमच्या वऱ्हाडात फार जुना आहे. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर आपल्याला माहीत आहे. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी जमवल्या त्या याच गावी. त्या परंपरेतली एक आठवण स्मृतिस्थळात नोंदलेली आहे. केशिराजबासांसारखे पंडित संस्कृतात रचना करू पाहत होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. कारण काय दिलं? संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. बघा, ग्रंथाचा अधिकारी आधी ठरला आणि भाषा मागाहून ठरली. आज ज्याला आपण लोकसंपर्क म्हणतो, त्याचा याहून नेमका निर्णय आम्हाला ठाऊक नाही.

पण त्याच परंपरेत पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ग्रंथ सुरक्षित राहावेत, परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून महानुभावांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहायला सुरुवात केली. ग्रंथ टिकले. आज ते आपल्यापर्यंत पोचले ते या काळजीमुळेच, हे मान्य करू. पण ज्या म्हाताऱ्यांसाठी मराठी पत्करली, त्यांच्या नातीपणतींना ती अक्षरं कळेनाशी झाली, आणि पंथाबाहेरच्यांना तर ती विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उलगडली नाहीत. जपणूक आणि पोच या दोहोंचं भांडण असं जुनं आहे. वाचनालयाच्या काचेच्या कपाटाला लावलेलं पितळी कुलूप पाहिलं की आम्हाला सकळ लिपी आठवते. हेतू वाईट नसतो, हेच त्यातलं अवघड असतं.

आता आधुनिक काळाकडे येऊ. अकोल्याचं बाबूजी देशमुख वाचनालय 1860 सालचं. वऱ्हाड इंग्रजांकडे आला 1853 मध्ये, आणि रेल्वे नागपूरला पोचली 1867 मध्ये. म्हणजे अकोल्यात वाचनालय आधी आलं, आगगाडी मागून आली, याचा अभिमान वाटायला हरकत नाही. पुण्यात 1848 साली लोकहितवादींच्या पुढाकारानं निघाली तिचं नाव होतं ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. ‘जनरल’ शब्द मोठा सुंदर आहे, सर्वांसाठी. प्रत्यक्षात अशा लायब्रऱ्यांत येणारे कारकून, वकील, शाळामास्तर आणि काही सावकार-जमीनदार. त्या काळी साक्षर होते किती? तेव्हा 1860 च्या लोकांना दोष द्यायचं काही कारण नाही. वाचता येणाऱ्यांपुरतं वाचनालय, हा तेव्हाचा सरळ हिशोब होता.

पण आज तो हिशोब लागू पडतो का? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 82 टक्क्यांच्या आसपास आहे, अमरावती जिल्ह्याची 87 आणि अकोल्याची 88. राज्याच्या सरासरीहून वर! म्हणजे लोकांना वाचता येत नाही, ही सबब वऱ्हाडापुरती तरी संपली. मग दुसरी सबब येते: वाचता येतं, पण वाचत नाहीत. ही तर आम्हाला अजिबात पटत नाही. शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या सुमारास या दोन जिल्ह्यांतल्या कोणत्याही गावात जा. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’चे एकवीस अध्याय, ओवीबद्ध, घरोघर पारायणाला लावलेले असतात. वाचणाऱ्यांत बायका पुष्कळ. तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ एकेचाळीस अध्यायांची; तिचं सामुदायिक वाचन मोझरीपासून दूरदूरच्या खेड्यांपर्यंत चालत आलं आहे. शेतकरी ‘ॲग्रोवन’ वाचतो, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची संवादिनी विकत घेतो, कीटकनाशकाच्या डब्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचतो. हे वाचन नाही तर काय आहे?

अकोट तालुक्यातल्या एका खेड्यात आम्ही एका बाईंना विचारलं होतं. साठीच्या आसपासच्या होत्या, एकवीस अध्याय एका बैठकीत वाचून उठलेल्या. गावात ड वर्गाचं वाचनालय होतं, त्यांच्या घरापासून चाळीस पावलांवर. म्हटलं, तुम्ही तिथे जाता का? त्या म्हणाल्या, “थे त मास्तर लोकायचं हाये बाप्पा. आमी तिथं काऊन जाव?” त्यात तक्रार नव्हती. ऊन पडलंय म्हणावं तितक्या सहज त्या बोलल्या. नैयायिक ज्याला अव्याप्ती म्हणतात तो दोष हा. गाईची व्याख्या अशी करायची की अर्ध्या गाई बाहेर राहाव्यात. वाचनालयाच्या रजिस्टरात ‘वाचक’ या शब्दाची व्याख्या अशीच झाली आहे. एकवीस अध्याय वाचणारी बाई तिच्यात बसत नाही, आणि वर्तमानपत्राचं शेवटचं पान उघडून पंख्याखाली डुलक्या घेणारे आम्ही मात्र बसतो.

इथे ‘धग’ची आठवण होते. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी 1960 ची, अमरावतीकडच्या मातीतली, संवाद अस्सल वऱ्हाडी. मराठीतल्या थोर कादंबऱ्यांत तिची गणना होते, तेव्हा ती आमच्या प्रत्येक बऱ्या वाचनालयात असते. पण कौतिकसारखी बाई, सुईदोऱ्यावर संसार ओढणारी, ज्या वाचनालयाच्या कपाटात ती स्वतः कादंबरी होऊन बसली आहे त्याच्या पायऱ्या चढेल का? तिच्यावरचं पुस्तक विकत घेणं सोपं आहे. ती आली तर तिला काय द्यायचं, हे कुणी ठरवलेलं नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण दोष एकट्या ग्रंथपालाच्या माथी मारणं आम्हाला मंजूर नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यानुसार गावोगावच्या संस्था आपापली ग्रंथालयं चालवतात आणि शासन मान्यता देऊन अनुदान देतं. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती, दार किती तास उघडं, यावर वर्ग ठरतो. या पद्धतीचा एक गुण आम्ही आधी सांगतो: संस्था लोकांच्या राहिल्या. त्या सरकारी कचेऱ्या झाल्या नाहीत. राज्यात अशी सुमारे बारा हजार ग्रंथालयं आहेत, आणि देशात फार थोड्या ठिकाणी एवढं जाळं आहे. पण हे निकष नीट बघा. त्यांत मोजलं जातं ते सगळं भिंतींच्या आतलं. बाहेर जाऊन केलेलं काहीही गुणात धरलं जात नाही. एखाद्या ग्रंथपालानं पन्नास पुस्तकं पोत्यात घालून पोळ्याच्या आधी शेजारच्या तीन गावांत फिरवली, तर दर्जाला तिळमात्र फरक पडत नाही. उलट त्या वेळात वाचनालय बंद दिसलं तर ताशेरा येतो. आणि ज्यावर पैसा मिळतो त्याच दिशेनं संस्था वाढते, त्यात नवल नाही.

बरं, पैसा तरी किती? 2022 मध्ये शासनानं अनुदानात 60 टक्के वाढ केली. जिल्हा अ वर्गाचं सात लाख वीस हजारांचं अकरा लाख बावन्न हजार झालं, आणि ड वर्गाचं वर्षाला तीस हजारांचं अठ्ठेचाळीस हजार. यातली निम्मी रक्कम वेतनावर. म्हणजे त्या वाढीनंतरही ड वर्गाच्या ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला दोन हजार रुपये येतात. दोन हजार! सोयाबीन काढणीच्या मजुराला हे आठवड्यात मिळू शकतं. त्या माणसाला आपण ‘वाचकाभिमुख व्हा, समाजात जा’ असं भाषण देतो. देऊ नये. 2012 मध्ये महसूल खात्यामार्फत पडताळणी झाली, अनेक ग्रंथालयं कागदावरच चालतात असं निघालं, आणि नंतर बराच काळ नवी मान्यता आणि दर्जावाढ दोन्ही थांबल्या. कागदावरच्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण खरोखर धडपडणारं ड वर्गाचं वाचनालयही त्याच दोरीनं बांधलं गेलं.

मद्रास प्रांतानं रंगनाथन यांच्या आग्रहावरून 1948 मध्ये कायदा केला, त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय कर ठेवला. केरळनं 1989 च्या कायद्यात तेच केलं. महाराष्ट्रात असा कर नाही. कर बसवला की सगळं सुरळीत होतं असं नाही. गोळा झालेला कर ग्रंथालयापर्यंत वेळेत पोचत नाही, ही तक्रार तिकडेही आहे. पण करामुळे एक गोष्ट होते. घरपट्टी भरणारा प्रत्येक माणूस, वाचो न वाचो, ग्रंथालयाचा मालक ठरतो. मग त्याच्या दारी पुस्तक नेणं हे उपकार राहत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही खरं तर बोलायला उभे आहोत ती. अभ्यासिका.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्याकडच्या वाचनालयांत घडलेला सर्वांत मोठा बदल कोणता विचाराल तर हा. दर्यापूर, अंजनगाव, चांदूरबाजार, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, अशा तालुक्यांतून मुलंमुली अमरावतीला-अकोल्याला येतात. तिघा-चौघांत एक खोली, मेसचा डबा, आणि दिवसभर अभ्यासिकेतली एक खुर्ची. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, बँक. सकाळी सातला जागा धरतात आणि रात्री दिवे मालवेपर्यंत बसतात. वाचनालयांनी त्यांच्यासाठी सभागृहं रिकामी केली, जुन्या वाचनकक्षात प्लायवूडचे कप्पे ठोकले, महिन्याची फी ठेवली. अनुदान अपुरं असताना या फीवर वीजबिल भागतं, हेही खरं.

यावर आमच्या वयाच्या लोकांचा एक ठरलेला आक्षेप असतो. ग्रंथालयाची खानावळ झाली, धर्मशाळा झाली, साहित्य गेलं आणि गाइडं आली. आम्ही या आक्षेपाच्या बाजूनं नाही. दीडशे वर्षांत पहिल्यांदा वाचनालयाचा अधिकारी बदलला आहे. ज्याच्या घरात कुणी वाचनालयाची पायरी चढलेलं नव्हतं, असा कोरडवाहू शेतकऱ्याचा, शेतमजुराचा मुलगा आणि त्याहून विशेष म्हणजे मुलगी, रोज बारा तास या इमारतीत बसते. हा विस्तार कुणी योजला नव्हता. अहवालात त्याला ‘उपक्रम’ म्हणतात. आमच्या मते वऱ्हाडातल्या वाचनालयांच्या इतिहासातली ती 1860 नंतरची मोठी घटना आहे.

मग आमचा आक्षेप कशावर आहे? वाचनालयानं या मुलाला खुर्ची दिली आणि तिथेच आपलं काम संपलं असं मानलं. एका तालुक्याच्या ठिकाणी आम्ही पाहिलं. अभ्यासिका वरच्या मजल्यावर, ग्रंथ खाली. जिना वेगळा, दार वेगळं, रजिस्टर वेगळं. अभ्यासिकेच्या मुलाला पुस्तक घरी न्यायचं तर वेगळी वर्गणी आणि वेगळी अनामत. वर बसलेल्या साठ मुलांपैकी खाली सभासद किती, असं विचारलं. ग्रंथपाल प्रामाणिक होते, म्हणाले, तीन. म्हणजे मुलगा दोन वर्षं त्या इमारतीत राहतो, आपली पुस्तकं आपल्या पिशवीत आणतो, परत नेतो, आणि निकाल लागला किंवा वय संपलं की जातो. ग्रंथालयाशी त्याचा संबंध बाकड्याच्या भाड्याचा. अनुबंधांतला तिसरा अनुबंध ‘संबंध’ होता, आठवतं ना? तोच इथे जुळला नाही.

त्याला काय हवं असतं, हे कुणी विचारतं का? त्याला चालू घडामोडी हव्या असतात, त्या तर वर्तमानपत्रात मिळतात. पण त्याला भारतीय राज्यघटनेचे नुसते कलमांक पाठ करून कंटाळा आलेला असतो. घटना समितीत ती कलमं कशी घडली हे सांगणारं मराठी पुस्तक खाली कपाटात पडलेलं असतं. त्याला विश्वकोशाचे खंड हवे असतात, ते काचेमागे असतात. आणि तिसऱ्यांदा नापास झाल्यावर, गावी तोंड कसं दाखवायचं या विचारात रात्री झोप येत नाही, तेव्हा त्याला एखादी कादंबरी हवी असते. हसू नका. हजारांनी बसतात आणि निवड होते थोड्यांची. बाकीच्यांचं काय होतं याची जबाबदारी क्लासवाले घेत नाहीत. आयुष्य एका यादीत नाव येण्याएवढं लहान नाही, हे त्याला कुणी उपदेश करून पटणार नाही. पुस्तकानं पटू शकतं, कधी कधी. त्या मुलापासून ते पुस्तक एका जिन्याच्या अंतरावर आहे, आणि तो जिना आपण बांधून ठेवला आहे.

आमची एक साधी सूचना आहे. पैसे लागत नाहीत म्हणून ती कुणी गंभीरपणे घेणार नाही, पण सांगतो. ही मुलं शनिवार-रविवारी, सणाला, पेरणी-काढणीला एसटीनं गावी जातात. वाचनालयानं त्यांच्या हाती दहा पुस्तकांची एक पिशवी द्यावी. दोन मुलांची गोष्टींची, दोन शेतीची, दोन मोठ्या अक्षरांतली पोथ्यांच्या वळणाची, एखादी ‘धग’. गावात कुणाकुणाला वाचायला द्यायची हे तो जाणतो, आपण जाणत नाही. पुढच्या खेपेला पिशवी बदलून न्यायची. मोबदल्यात अभ्यासिकेची फी निम्मी. साठ मुलं म्हणजे साठ गावं नसली तरी तीस-चाळीस गावं होतात. एवढी गावं एकही व्हॅन न घेता! ज्या बाईंनी आम्हाला ‘मास्तर लोकायचं’ म्हणून सांगितलं, त्यांच्या घरी मास्तर गेला नसता. शेजारचा पोऱ्या गेला असता.

ही कल्पना काही आभाळातून पडलेली नाही. बडोद्याच्या सयाजीरावांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि पाठोपाठ पुस्तकांच्या पेट्या संस्थानातल्या खेड्यांत फिरू लागल्या. तामिळनाडूत मन्नारगुडीला 1931 मध्ये फिरतं ग्रंथालय निघालं ते बैलगाडीतून. बैलगाडी! तेव्हा वऱ्हाडात बैलगाड्यांची वाण होती असं कुणी म्हणू शकेल का? केरळात ग्रंथपाल बायकांच्या घरी पुस्तकं पोचवतात, त्याला तिथे रीतसर योजनेचा दर्जा आहे. आपल्याकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं आणि पेट्या परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही गेल्या. दुबईला पेटी जाते, तर दर्यापूरहून येवद्याला का जाऊ नये?

याला उत्तर मिळतं ते ठरलेलं: पुस्तकं हरवतील. ग्रंथपालाची ही भीती खोटी नाही, कारण हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्याच्याकडेच मागतात. पण गंमत बघा. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, जे नियम लिहिणाऱ्यांवर हळवेपणाचा आरोप कुणी करणार नाही, असं म्हटलं आहे की हजार पुस्तकं वापरली गेली तर पाच गहाळ होणं रास्त समजावं. सरकारी हिशेबनीसांनी जे मान्य केलं ते आमच्या कार्यकारिणीला मान्य होत नाही. रंगनाथन यांनी 1931 च्या पाच सूत्रांत पहिलंच सूत्र सांगितलं की ग्रंथ वापरासाठी आहेत. ते सूत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलेलं असतं, आणि त्याच्या खालच्या कपाटाला कुलूप असतं.

गाडगेबाबांची समाधी अमरावतीत आहे. बाबा निरक्षर. त्यांची कीर्तनाची रीत प्रश्न विचारण्याची, समोरच्याकडून उत्तर काढून घेण्याची. सॉक्रेटिस बाजारात उभा राहून करायचा तेच. बाबा गावात आले की आधी झाडू हाती घ्यायचे, लोक मागून जमायचे. लोक येत नाहीत, अशी तक्रार त्यांच्या तोंडी शोभलीच नसती. आमच्या संचालक मंडळांच्या सभेत मात्र ही तक्रार दर वर्षी इतिवृत्तात असते.

दोन-तीन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांना उत्तर देतो आणि थांबतो.

पहिली: ‘मोबाईलमुळे वाचन संपलं, त्यावर काही बोलला नाहीत.’ बोललो नाही, कारण पारायण करणाऱ्या बाईंच्या नातीनंच त्यांना अध्याय मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लावून दिला होता. मोबाईलनं वेळ खाल्ला हे मान्य. पण वाचनालय त्यांच्या घरापासून चाळीस पावलांवर असूनही दूर होतं, ते मोबाईल येण्याच्या आधीपासून.

दुसरी चिठ्ठी एका ग्रंथपालांची आहे, नाव वाचत नाही. ‘दोन हजारांत पिशव्यांचा हिशोबही आम्हीच ठेवायचा का?’ रास्त आहे. हिशोब अभ्यासिकेतल्या मुलांनी ठेवावा, आळीपाळीनं. उद्या तलाठी व्हायचं आहे त्यांना, सवय होईल. (हशा) आणि अमरावती विभागाच्या ग्रंथालय कार्यालयाकडे आपण सगळ्यांनी मिळून एक लेखी मागणी करू या: वर्ग ठरवण्याच्या तक्त्यात ‘इमारतीबाहेर दिलेली पुस्तकं’ असा एक रकाना वाढवा आणि त्याला गुण द्या. मसुदा आम्ही लिहून देतो. त्यात वेतनाचा मुद्दा पहिला असेल, पिशवीचा दुसरा.

तिसरी: ‘दुपारी दोन ते चार वाचनालय उघडं ठेवलं तर बायका येतीलच याची हमी काय?’ हमी नाही. सकाळच्या वेळेतला एक तास कापून दुपारी आणा, आठवड्यातून दोन दिवस, आणि सहा महिने बघा. त्या वेळात एखादी शिक्षिका किंवा अभ्यासिकेतली मुलगी टेबलाशी बसू द्या, आम्ही म्हातारे नको. अनामत त्या वेळेपुरती माफ करा. पहिल्या महिन्यात चार जणी आल्या तर रजिस्टरात चार असंच लिहा, चाळीस लिहू नका.